पश्चात्तापाचीं फळें : कै. नारायण वामन टिळक यांचें चरित्र

ज्युबिली हा शब्द आपण उत्सव या अर्थानें उच्चारतों; परंतु त्याचें मूळ प्राचीन इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रांत आहे. दर पन्नासाव्या वर्षीं शिंगें फुंकून हें वर्ष जाहीर करावें, विकली गेलेली वडिलार्जित जमीन मूळच्या घराण्याकडे परत जावी, आणि दास्यांत पडलेला बांधव मोकळा व्हावा, अशी त्यांत आज्ञा होती. आनंदाच्या वर्षाचा पाया असा परतफेडीवर घातलेला होता. पश्चात्तापाचेंही तसेंच आहे. देवापुढें डोळ्यांतून आंसवें गाळणें हा त्याचा आरंभ. ज्याचें आपण नुकसान केलें त्याच्याशीं उद्यां सकाळीं आपण कसे वागतों, ही त्याची कसोटी. या कसोटीस उतरलेल्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों. त्याच्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें आपल्याच साताऱ्याशीं निगडित आहेत.

नारायण वामन टिळक हे आपल्या कॅथलिक मंडळींतले नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीचे होते. तथापि त्यांचीं भजनें व अभंग सर्व मराठी ख्रिस्ती जनांच्या आदरास पात्र झालेले आहेत, आणि सद्गुणाचा धडा जेथें मिळेल तेथून तो घ्यावा, यांत कोणासच संकोच वाटूं नये.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव अत्यंत तापट होते; आई जानकीबाई प्रेमळ व काव्याची आवड असलेली होती. वडिलांच्या संतापाचे चटके त्या माउलीस व मुलांस सारखेच सोसावे लागले. आई लहानपणींच निवर्तली, आणि नारायण घर सोडून बाहेर पडला. पुढें नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें. बुद्धि तीव्र, वाणी रसाळ, अंतःकरण दयाळु. परंतु ज्या संतापानें त्याच्या आईचें जिणें दुःखाचें केलें होतें, तोच संताप वारशानें त्याच्याही अंगीं आलेला होता.

1880 च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. तीच पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें महाराष्ट्रास परिचित झाली. आरंभीचा संसार स्थिर नव्हता. आज एक नोकरी, उद्यां दुसरी. हातीं आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेस देऊन टाकावयाचा. मनांत आलें कीं घरीं कांहीं न सांगतां निघून जावयाचें. घरांत दाणा आहे कीं नाहीं, बायकोच्या जिवास किती घोर लागेल, याचा विचार त्या उदार पुरुषास सुचत नसे. परक्यांसाठीं हळहळणारा मनुष्य घरच्यांविषयीं किती बेफिकीर असूं शकतो, याचें हें उदाहरण होय. आणि तें टिळकांपुरतेंच आहे असें कोणी समजूं नये.

1893 मध्यें नागपुराकडून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गांठ पडली. त्या गृहस्थानें त्यांस नवा करार भेट दिला. टिळकांनीं तो वाचला, आणि डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन पूर्णपणें जिंकलें. दोन वर्षांच्या झगड्यानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीच्या संमतीची त्यांनीं वाट पाहिली नाहीं.

बाप्तिस्म्यानें पापांची क्षमा होते, असें आपण लहानपणापासून शिकत आलों आहों. परंतु क्षमा मिळाली म्हणून मनुष्याचें देणें फिटत नाहीं. चोराच्या पापाची क्षमा झाली तरी चोरलेली वस्तु धन्याच्या घरीं पोंचवावीच लागते. टिळकांचें देणें लक्ष्मीबाईंजवळ होतें, आणि तें त्या दिवशीं हलकें न होतां अधिकच जड झालें. त्या काळच्या समाजांत धर्मांतर केलेल्याच्या पत्नीची स्थिति विलक्षण होती. नवरा जिवंत असून ती निराधार. दुःखानें त्यांची प्रकृति ढासळली. लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांच्या आश्रयानें, पंढरपुरासारख्या क्षेत्रीं, त्यांस दिवस काढावे लागले.

येथें टिळकांच्या पश्चात्तापाची खरी परीक्षा झाली. 1866 च्या कायद्यानें, ख्रिस्ती झालेल्या मनुष्याबरोबर त्याची पत्नी नांदण्यास नाकारील तर, कोर्टाकडून विवाह रद्द करून घेण्याची वाट मोकळी होती. टिळकांनीं त्या वाटेकडे पाऊल टाकलें नाहीं. चार वर्षांहून अधिक काळ ते वाट पाहत राहिले. पत्रें लिहिलीं, कविता पाठविल्या, भेटीस गेले. परंतु बळजबरी केली नाहीं. जो पुरुष पूर्वीं क्षणांत चिडून घराबाहेर पडे, तोच आतां घराच्या दाराशीं वर्षानुवर्षें थांबला. अशी वाट पाहणें हें कितीएक उपवासांहून कठीण प्रायश्चित्त आहे.

लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या तेव्हांही त्यांनीं आपला धर्म सोडलेला नव्हता. त्यांचें सोंवळेंओंवळें, स्वयंपाक व पाणी निराळें होतें. टिळकांनीं तें निराळेपण मोडण्याचा हट्ट धरिला नाहीं. पुढें राहुरीस असतां, जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनीं आपल्याच मनास विचारला, आणि तो मनुष्यकृत आहे अशी त्यांची खात्री झाली. 1900 मध्यें त्यांनीं स्वेच्छेनें बाप्तिस्मा घेतला. पतीनें पूर्वीं त्यांस न विचारतां त्यांच्या आयुष्याचा निर्णय केला होता. आतां निर्णयाचा तोच अधिकार त्यानें त्यांच्या हातीं परत दिला. ज्युबिलीच्या नियमांतील जमिनीप्रमाणें, जें ज्याचें तें त्याच्याकडे परत गेलें.

पुढील काळ अहमदनगरास अध्यापन, उपदेश व लेखन यांत गेला. 1904 मध्यें त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. वारकऱ्यांची भजनपद्धति व कीर्तन यांस त्यांनीं ख्रिस्ती उपासनेंत मानाचें स्थान दिलें. घरांत गरजू मुलांस थारा असे. तरुण कवि त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात् बालकवि, हे ख्रिस्ती न होतांही त्या घरीं मुलासारखे राहिले. पत्नीस लिहिण्याबोलण्याचें उत्तेजन देऊन तिच्या अंगच्या गुणांस टिळकांनीं वाव दिला.

त्यांचा संताप मात्र अजीबात नाहींसा झाला नाहीं. चरित्रकारानें ही गोष्ट लपवूं नये. स्वभावाचा दोष एका रात्रींत जळून जात नाहीं. तो उठतो, मनुष्य त्यास दाबतो, पुन्हां पडतो, पुन्हां उठून क्षमा मागतो. आपण वारंवार पापनिवेदनास जातों तें याच कारणानें. पश्चात्तापी मनुष्य म्हणजे पुन्हां न पडणारा मनुष्य नव्हे. पडल्यावर दुसऱ्यास दोष न देतां उठणारा, असा त्याचा अर्थ आहे.

1917 मध्यें टिळकांनीं मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांस त्यांत बंधुभावानें एकत्र आणावें, असा त्यांचा हेतु होता. त्या योजनेंतील सर्वच गोष्टी आपल्या धर्मसभेच्या शिकवणीशीं जुळतील असें नाहीं. परंतु एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तरुणपणीं वैराग्याच्या लहरींत घरादारास टाकून जाणारा हा पुरुष आतां ख्रिस्ती संन्यासी झाला, तो संसार टाकून नव्हे. लक्ष्मीबाई साताऱ्यास त्यांच्यासमवेत होत्या. पुढें प्रकृति खालावल्यानें त्यांस मुंबईस नेण्यांत आलें, आणि 9 मे 1919 रोजीं जे. जे. रुग्णालयांत, वयाच्या 58 व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पश्चात्तापाचा दाखला कोणी द्यावा? व्यासपीठावरून झालेली स्तुति येथें पुरेशी नाहीं. ज्या व्यक्तीस त्यांच्यापायीं सर्वांत अधिक सोसावें लागलें, तिनेंच तो दिला आहे. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लक्ष्मीबाईंनीं पतीचे दोष झांकले नाहींत. तरी त्यांत कडवटपणाचा लेशही आढळत नाहीं. टिळकांनीं अपुरें ठेविलेलें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्यही त्यांनींच हातीं घेऊन पुढें नेलें. जिला एकदां टाकलें होतें तिनेंच त्यांचें काम पुरें करण्यास हात लाविला, याहून मोठी साक्ष कोणती असूं शकेल?

वाचकहो, सातारा व सांगली या एकाच कृष्णामाईच्या कांठच्या भूमि आहेत. येथें रानांचे बांध सरकतात, हळदीच्या व गुळाच्या वजनांत हात आंखडला जातो, भाऊ भावाशीं वर्षानुवर्षें बोलत नाहीं, आणि गोड बोलण्यांत नांवाजलेला गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांत कठोर शब्द बोलतो. ज्युबिलीच्या निमित्तानें आपण देवळास रंग देऊं, घंटा वाजवूं, पवित्र मिस्सेस गर्दी करूं. हें सर्व योग्यच आहे. परंतु त्याबरोबर सरकलेला बांध मूळ जागीं जावो, अडविलेलें देणें पोंचतें होवो, अबोला सुटो, आणि आपल्या घरच्या माणसांस आपण बदललों आहों असें न सांगतां कळो. पापनिवेदनांत आपण देवापुढें केलेला निश्चय ज्या दिवशीं आपल्या शेजाऱ्यास व घरच्यांस दिसूं लागेल, तो दिवस आपल्या धर्मग्रामाची खरी ज्युबिली होय. तशी कृपा परमेश्वर आपणां सर्वांस देवो.