डॉ. द्वारकानाथ कोटणीस

शांतारामबापूंच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाने अनेकांची अशी समजूत करून दिली, की डॉक्टर प्लेगशी झुंजता झुंजता प्लेगलाच बळी पडले. युद्धात गोळीइतकेच साथीचे रोगही माणसे मारतात, म्हणून चित्रपटकारास प्लेग सुचला असावा. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

१९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस, जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनकडे काँग्रेसने १९३८ मध्ये धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. आपले रायपूर तेव्हा ज्या मध्यप्रांतात होते, त्याच्या राजधानीचे, नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकातले. हे येथे नमूद केलेच पाहिजे. चौघे मायदेशी परतले, कोटणीस परतले नाहीत. नाकेबंदीमुळे औषधांची चणचण. तशातच आघाडीलगत शस्त्रक्रिया करावयाच्या, उरल्या वेळात चिनी विद्यार्थ्यांना शिकवावयाचे. १९४१ मध्ये ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी तेथील परिचर्या-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अपस्माराचे झटके येऊ लागले, तरी विश्रांतीचा सल्ला त्यांनी मानला नाही.

९ डिसेंबर १९४२ रोजी त्याच व्याधीने, वयाच्या ३२व्या वर्षी, ते निवर्तले. मुलगा यिनहुआ तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. त्याच्या नावातील ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.