विश्लेषण : आधी गल्ली, मग नकाशा! शंभर वर्षांपूर्वी मुंबईत शिकवणारे पॅट्रिक गेडिस कोण होते?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. कुठल्याही जुन्या सोसायटीचा नोटीस बोर्ड पाहा, पुनर्विकासाच्या सभेची सूचना असतेच. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती मिळणार, भाडे किती महिन्यांचे, यावर सभा रंगते. किमान ५१ टक्के सदस्यांची संमती मिळाली, सभेचे चित्रीकरण झाले की गाडी पुढे सरकते. मात्र खाली दुकाने आणि वर २२ मजले उभे राहिल्यावर ज्यांच्या गल्लीत गाड्या, सांडपाणी आणि सावली वाढणार, त्या शेजारच्या इमारतीला या सभेत जागा नसते. शेजाऱ्यांना आधी विचारा, असा आग्रह धरणारा एक स्कॉटिश प्राध्यापक कधी काळी मुंबई विद्यापीठात शिकवत होता.

गेडिस मूळचे कोण?

नगररचनाकार तर नव्हेतच. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे जन्मलेले पॅट्रिक गेडिस जीवशास्त्राकडे वळले. टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली ते शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकावरचे काम अवघड झाले. पुढे डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण झाड जसे माती आणि पाण्यापासून वेगळे काढून समजत नाही, तसेच घर गल्लीपासून वेगळे काढता येत नाही, हा विचार त्यांनी शहरांकडे वळवला.

एडिनबर्गच्या जुन्या भागात तेव्हा पडकी, कोंदट घरे होती. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर गेडिस आणि पत्नी अॅना तिथेच राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना दिला, अंगणे साफ केली, खिडक्यांत कुंड्या ठेवल्या. सगळे पाडून नवे बांधण्याऐवजी अगदीच मोडकळीला आलेले तेवढे काढायचे आणि बाकीचे दुरुस्त करायचे, ही त्यांची पद्धत इथेच तयार झाली.

भारतात ते कसे आले?

१९१४ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून. शहरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होते. जर्मन युद्धनौका एम्डेनने ते जहाज बुडवले आणि अनेक वर्षांचे नकाशे, चित्रे समुद्रात गेली. गेडिस यांनी नवे साहित्य जमवून प्रदर्शन पुन्हा उभे केले.

१९१५ मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा आला. उपनगरांतील अनेक मालमत्तांच्या कागदांवर आजही दिसणारे टीपीएस आणि फायनल प्लॉट हे शब्द त्याच परंपरेतले. त्याच वर्षी गेडिस या प्रांतातील काही शहरांचे अहवाल लिहीत होते. त्यांची रीत साधी आणि वेळखाऊ होती. गल्लीबोळांतून पायी फिरायचे, विहीर, देऊळ, झाड, ओटा कोण कधी वापरतो हे पाहायचे आणि मग पेन्सिल उचलायची. अभियंत्यांनी वस्तीतून सरळ रस्ता काढला की गेडिस हिशेब मांडत: किती घरे पाडावी लागतील, माणसे कुठे जातील आणि दोन पडक्या घरांच्या जागी छोटा चौक केला तर किती पैसे वाचतील. अभियंत्यांना हे फारसे रुचले नाही, यात नवल नाही.

इंदूरच्या दिवाळीत काय घडले?

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्यासाठी भयंकर होते. एप्रिलमध्ये मुलगा अॅलिस्टर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. अॅना तेव्हा भारतातच आजारी होत्या. त्यांना ही बातमी सांगितलीच नाही, गेडिस त्यांना मुलाची जुनी पत्रे वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये त्याही गेल्या.

त्यानंतरचे मोठे काम इंदूरचे. होळकरांच्या राजधानीत प्लेगची दहशत होती आणि मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. गेडिस यांनी तुकोजीराव होळकरांकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले. दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही, ज्या भागातली घरे सर्वाधिक स्वच्छ आणि दुरुस्त असतील तिथूनच जाईल, अशी दवंडी पिटली. मग काय, चुरसच लागली! कचरा विनामूल्य उचलण्याची सोय होती, गाड्या भरभरून बाहेर गेल्या. मिरवणुकीत लक्ष्मी होती, प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हार घालून, नव्या झाडूंसह सफाई कामगारही होते. ज्यांना एरवी दूर ठेवले जाई, ते मिरवणुकीत मानाने चालत होते. शेवटी घाणीच्या राक्षसाचे दहन झाले, रोपे वाटली गेली. प्लेग ओसरला, त्याचा हंगामही संपत आला होता, हे खरे. पण त्यानंतर गेडिस रस्त्यात दिसले की लोक स्वतःहून बोलू लागले.

ही लोकांची संमती म्हणायची का?

पूर्णपणे नाही. निर्णय शेवटी महाराजांचा किंवा कलेक्टरचाच असे. रहिवाशाला नकाराचा हक्क नव्हता. आज सदस्याला मत आहे, हा फरक छोटा नाही. मात्र गेडिस यांच्या फिरण्यात जे कळायचे, ते सहीच्या कागदावर येत नाही. तळमजल्यावरचा शिंपी नव्या इमारतीत दुकान घेऊ शकेल का, पावसात गल्लीचे पाणी कुठे साचते, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

मुंबईत त्यांनी काय केले?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी पाठवण्यात त्यांचा वाटा होता. कामगारांसाठी बांधल्या जाणाऱ्या चाळींवर ते सडकून टीका करत. ही घरे नसून माणसे रचून ठेवायची गोदामे आहेत, असे त्यांचे मत होते.

प्रकृती बिघडल्याने १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. विभागाची सूत्रे घुर्ये यांच्याकडे आली. फ्रान्समधील माँपेलिए येथे १७ एप्रिल १९३२ रोजी गेडिस यांचे निधन झाले. भारतातील त्यांचे बरेच आराखडे दप्तरातच राहिले. त्यातील निवडक भाग जॅकलिन टायरविट यांनी संपादित करून १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आणला.