विल्यम हॉल्स्टेड : वेदनेची वाट अडवणारा शल्यविशारद

घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला आज तातडीच्या विभागात आणले, तर अनेक ठिकाणी जांघेजवळ बधिरतेचे औषध टोचतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईची वाट पाहत ते औषध मज्जातंतूंच्या सान्निध्यात सोडले जाते. शस्त्रक्रियेपर्यंतचे काही तास सुसह्य होतात आणि अफूजन्य औषधे कमी लागतात. उतारवयात या औषधांनी येणारा भ्रम किंवा मंदावणारा श्वास पाहता हा लाभ लहान नव्हे. अशा उपचाराचे मूळ शोधू गेल्यास १८८४ च्या न्यू यॉर्कमध्ये, विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड यांच्यापाशी जाऊन पोहोचावे लागते.

हॉल्स्टेड यांचा जन्म १८५२ चा. येल विद्यापीठातून पदवी, न्यू यॉर्कमध्ये वैद्यकाचे शिक्षण, मग युरोपातील नामांकित शल्यविशारदांच्या हाताखाली दोन वर्षे. परतल्यावर ते धडाडीचे शल्यविशारद म्हणून नावारूपाला आले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने बहीण मरणोन्मुख झाली असता त्यांनी स्वतःचे रक्त काढून तिला दिले होते. रक्तगटांचा शोध तेव्हा लागायचा होता.

१८८४ च्या सप्टेंबरात कार्ल कोलर यांचा शोध जाहीर झाला : कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो. हॉल्स्टेड यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. जिथे कापायचे ती जागा बधिर करण्याऐवजी तिथली वेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतूच वाटेत का अडवू नये? रिचर्ड हॉल आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी प्रयोग आरंभले. खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर झाला, पुढे हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळेही. भूल न देता वेदनारहित शस्त्रक्रिया शक्य झाली.

मात्र हे प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावरही केले होते. कोकेनची पकड किती घट्ट असते, याची जाण तेव्हा कोणालाच नव्हती. १८८५ मध्ये त्याच विषयावर त्यांनी लिहिलेला लेख इतका विस्कळीत उतरला की लेखकाची अवस्था त्यातूनच कळावी. १८८६ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात त्यांना दाखल व्हावे लागले. तेथे कोकेनच्या जागी मॉर्फिन आले, आणि ते मात्र सुटले नाही.

मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या प्रयोगशाळेत आणले. तिथून उभा राहिला तो वेगळाच माणूस : मितभाषी, एकलकोंडा, संथ हाताने ऊतींना जपत शस्त्रक्रिया करणारा. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे ते पहिले मुख्य शल्यविशारद झाले. हर्निया आणि स्तनाच्या कर्करोगावरील त्यांच्या शस्त्रक्रिया जगभर गेल्या. स्तनाची ती व्यापक शस्त्रक्रिया पुढे अनावश्यक कठोर ठरली, हेही नोंदवले पाहिजे. जंतुनाशकाने हातांची कातडी सोलवटणाऱ्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्यासाठी त्यांनी रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीत ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. कोकेनवर त्यांनी मात केली, अशीच बहुतेकांची समजूत होती. मॉर्फिनची सवय पुढेही टिकल्याची सहकारी विल्यम ऑस्लर यांची गुप्त टिपणे १९६९ मध्ये उघड झाली.