पक्ष्यांचे सोबती ‘ईहा’

आश्विन महिना लागला, की सातारा-सांगलीच्या मुलखात पावसाचा जोर ओसरतो. कृष्णा, वारणा आणि येरळा या नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागते. शेतकरी रब्बीच्या पेरणीच्या घाईत असतो. याच दिवसांत नदीकाठच्या वाळूवर, लांब शेपटी सारखी खालीवर हलवीत चालणारा एक चिमुकला पाहुणा दिसू लागतो. त्याला आपण धोबी किंवा परीट म्हणतो. तुतवारही येतात. थंडी पडली, की मायणी आणि येरळवाडी येथील तलावांवर चक्रवाक उतरतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही एखादे वर्षी तेथे दृष्टीस पडतात. भोरड्यांचे थवे तर इतके मोठे असतात, की जोंधळ्याच्या शेतात मचाणावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराचा हात दुखून येतो.

हे पाहुणे कोठून येतात? दरवर्षी त्याच सुमारास कसे येतात? एका माणसाने एका तलावावर जन्मभर बसून पाहिले, तरी या प्रश्नांची उत्तरे त्याला मिळणार नाहीत. परंतु दहा गावांतील दहा माणसांनी आपापल्या गावी काय दिसले, हे लिहून ठेवले आणि ती टिपणे एकत्र केली, तर वाट सापडू लागते. अशी टिपणे एकमेकांस सांगण्याची रीत आपल्या इकडे ज्यांनी रुजविली, त्यांतील एक प्रमुख गृहस्थ सातारा येथेच जन्मले होते. त्यांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. नावाच्या आद्याक्षरांपासून त्यांनी ‘ईहा’ असे टोपणनाव बनविले आणि त्याच नावाने ते ओळखले जाऊ लागले. संस्कृतात ‘ईहा’ या शब्दाचा अर्थ इच्छा किंवा प्रयत्न असा होतो. हा केवळ योगायोग. परंतु तो त्यांना शोभून दिसतो.

ईहांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी झाला. साताऱ्याचे राज्य खालसा होऊन त्या वेळी जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्यांचे वडील स्कॉटलंडमधून आलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्या काळी येथील गोऱ्या अधिकाऱ्यांची मुले लहानपणीच शिक्षणासाठी विलायतेस पाठविली जात. एटकेन मात्र हिंदुस्थानातच वाढले व वडिलांपाशीच शिकले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांनी फार वरचे यश मिळविले. १८७० पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन भाषा शिकविली. पुस्तकांत रमणारा हा तरुण जन्मभर अध्यापकच राहील, असे कोणासही वाटले असते.

परंतु १८७६ साली ते मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस लागले. हे खाते गोरगरिबांना प्रिय नव्हते. मिठासारख्या रोजच्या जिनसेवर कर बसवून सरकार पैसा उभा करीत असे. याच अन्यायाविरुद्ध महात्मा गांधींनी १९३० साली दांडीची यात्रा काढली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. ईहा त्या परकी सरकारचे नोकर होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्यांच्या काही विनोदी लेखांत हिंदी नोकरचाकरांची जी थट्टा आहे, तिच्यातही राज्यकर्त्यांची नजर डोकावते. मात्र प्राणी आणि पक्षी यांच्याकडे पाहताना त्यांच्या दृष्टीत उच्चनीच असा भेद राहत नसे. कावळा, पाल, मुंगी, बेडूक ही सारी मंडळी त्यांना आपल्या घराइतकीच जवळची वाटत.

मीठ खात्याच्या नोकरीत त्यांना नाना ठिकाणी जावे लागले. गुजरातेत कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला खाराघोडा नावाचे गाव आहे. तेथे मिठागरे आहेत. दूरवर सपाट, खारट जमीन, झाड क्वचितच, उन्हाळ्यात धुळीचे लोट. अशा गावी बदली झाली, तर पुष्कळ अधिकारी कंटाळून दिवस मोजीत बसत. ईहांनी तेथेही आपले डोळे उघडे ठेवले. बंगल्याच्या आवारात, विहिरीवर, छपराच्या वाशांत कोणकोण राहते, हे ते न्याहाळीत बसत. घरात शिरणारे डास, भिंतीवरील पाली, अंगणातील पाखरे यांना ते आपल्या सरहद्दीवरील टोळ्या म्हणत. त्यांच्याविषयी त्यांनी मोठ्या गमतीने लिहिले. त्या लेखांत खाराघोड्याला त्यांनी ‘डस्टीपूर’, म्हणजे धुळीचे गाव, असे नाव दिले. हे लेखन १८८३ साली पुस्तकरूपाने निघाले आणि ईहांचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्या काळी निसर्गाची आवड असणारी माणसे नव्हती असे नाही. कोणी डॉक्टर वनस्पती गोळा करी, कोणी लष्करी अधिकारी फुलपाखरे जमवी, कोणी पक्ष्यांची अंडी जपून ठेवी. पण प्रत्येकाची पेटी वेगळी आणि वही वेगळी. बदली झाली, की वही हरवे. माणूस मरण पावला, की त्याने जन्मभर पाहिलेले सारे त्याच्याबरोबरच नाहीसे होई. पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. ज्ञानाची ही गळती थांबवावी कशी, हा खरा प्रश्न होता.

त्यावर उपाय म्हणून १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळा येथील वस्तुसंग्रहालयात आठ गृहस्थ एकत्र जमले. त्या संग्रहालयास आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. जमलेल्या आठ जणांत ईहा होते, तसेच दोन हिंदी डॉक्टरही होते. त्यांपैकी एक, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतील डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे, वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. गोरे राज्यकर्ते आणि हिंदी लोक एका बाकावर क्वचितच बसत, असा तो काळ होता. निसर्गाच्या आवडीने त्यांना एका टेबलाभोवती आणले. त्यांचा हेतू साधा होता. अधूनमधून भेटावे, आपण जे पाहिले ते एकमेकांस सांगावे आणि काही दुर्मीळ नमुना मिळाला असल्यास तो सर्वांस दाखवावा. याच बैठकीतून मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. ईहा तिचे पहिले चिटणीस झाले.

प्रारंभी या संस्थेस स्वतःची जागाही नव्हती. १८८४ साली फिप्सन नावाच्या एका व्यापारी सभासदाने आपल्या दुकानातील खोली तिला वापरावयास दिली. लवकरच गावोगावहून नमुने आणि पत्रे येऊ लागली. एखाद्या सभासदाने आपल्या भागात पूर्वी न दिसलेला पक्षी पाहिला, की तो ते लिहून कळवी. परंतु बैठकीत सांगितलेली गोष्ट बैठकीतच राहते. कराचीचा किंवा कारवारचा सभासद ती ऐकण्यास मुंबईत कसा येणार? म्हणून जानेवारी १८८६ पासून संस्थेने स्वतःचे नियतकालिक सुरू केले. ईहा आणि स्टर्नडेल हे त्याचे संपादक होते. एकाने पाहिलेली गोष्ट आता छापली जाऊ लागली. ती शेकडो जणांच्या हाती पडू लागली आणि पुढच्या पिढीसाठी सुरक्षित राहू लागली. ते नियतकालिक आजही चालू आहे.

पुढे ईहांची बदली कारवारकडे झाली. तेथील दाट जंगलांत त्यांना फुलपाखरांचे जणू भांडारच सापडले. पण पकडून टाचणीला टोचलेल्या फुलपाखरावर त्यांचे समाधान होईना. ते कोणत्या झाडावर अंडी घालते, त्याची अळी काय खाते, कोश कसा करते, हे जाणण्यासाठी त्यांनी डेव्हिडसन आणि बेल या आपल्या स्नेह्यांबरोबर अळ्या घरी पाळल्या. तिघांनी मिळून केलेली ती टिपणे संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यावर एकट्याचे नाव घालण्याचा मोह कोणास झाला नाही.

१९०० साली ईहांचे मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळी पक्षी ओळखावयाचा, तर तो बंदुकीने मारून हातात घ्यावा, पिसे मोजावी, चोच मापावी, अशी रीत होती. पक्षिशास्त्राचे ग्रंथही तशा माणसांसाठीच लिहिलेले असत. रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसास त्यांचा काय उपयोग? ईहांनी घार, गिधाड, घुबड, कावळा, साळुंकी अशा रोज दिसणाऱ्या पक्ष्यांची वर्णने अशी लिहिली, की त्यांचा रंग, चाल, आवाज आणि स्वभाव यांवरून ते कोणासही ओळखता यावेत. पक्षी पाहण्यासाठी विद्वानच असावे लागते, ही समजूत त्यामुळे दूर झाली.

दोन वर्षांनी, म्हणजे १९०२ साली, त्यांच्याकडे एक निराळेच काम आले. गोव्याच्या सरहद्दीवर जकातीची जी नाकी होती, तेथील शिपाई हिवतापाने वारंवार आजारी पडत. हिवताप डासांमुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांच्या संशोधनावरून नुकतेच कळून आले होते. म्हणून डास ओळखणाऱ्या माणसाची सरकारला गरज भासली. ईहा त्या रानातून नाक्यानाक्यावर फिरले आणि शिपायांचा ताप कसा टळेल, याचा त्यांनी तपास केला. त्या फेरीत त्यांना डासाची एक नवी जात आढळली. शास्त्रज्ञांनी तिला त्यांचेच नाव दिले. ज्या डासांची त्यांनी एके काळी पुस्तकात थट्टा केली होती, त्यांच्याकडे बारकाईने पाहण्याची सवय आता गरीब शिपायांच्या उपयोगी पडली.

यानंतर ते कराचीस मोठ्या हुद्द्यावर गेले. सिंध प्रांताच्या गॅझेटिअरचे कामही त्यांच्याकडे सोपविण्यात आले. १९०६ साली ते निवृत्त झाले आणि स्कॉटलंडमध्ये जाऊन राहिले. तेथे एडिंबरो येथे एप्रिल १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. साताऱ्यात उगवलेले हे आयुष्य दूर देशी मावळले.

परंतु त्यांनी लावलेले रोप वाढतच होते. ईहांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९०८ साली, मुंबईतील एक मुलगा या संस्थेच्या दारात भीतभीत उभा राहिला होता. वयाने तो तुमच्याएवढाच होता. त्याने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ही चिमणी कोणती, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. संस्थेचे तेव्हाचे चिटणीस मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी चिमणीची जात सांगितली आणि कपाटांचे खण उघडून संग्रहातील पक्षी एकामागून एक दाखविले. त्या मुलाचे नाव सालिम अली. पुढे ते जगन्मान्य पक्षिशास्त्रज्ञ झाले. पाहिलेले दुसऱ्यास दाखवावे, ही ईहांच्या वेळची रीत त्या दिवशी एका मुलाच्या कामी आली.

याच संस्थेने पुढे पक्ष्यांच्या पायांत हलकी धातूची कडी घालून त्यांच्या प्रवासाचा शोध घेतला. कड्यावर क्रमांक असतो आणि तो पक्षी सापडल्यास संस्थेला कळवावे, असा निरोपही असतो. तो पक्षी दूर देशी एखाद्या गुराख्यास वा कोळ्यास सापडला आणि त्याने पत्र धाडले, तर हजारो मैलांची वाट उजेडात येते. पत्र न आल्यास तो क्रमांक मुकाच राहतो. मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा बांधलेले पट्टकादंब दक्षिण भारतातील तळ्यांवर कोणीतरी पाहिले आणि कळविले, म्हणूनच त्यांचा मार्ग आपणांस ठाऊक झाला. ज्या भोरड्यांवर आपला शेतकरी गोफण फिरवितो, त्या उन्हाळ्यात मध्य आशियात टोळांचा फडशा पाडतात, हेही अनेक देशांतील निरीक्षणे जुळविल्यावरच कळले.

आज पक्षी ओळखण्यासाठी त्याला मारावे लागत नाही. दुर्बीण आणि कॅमेरा हाती आहेत. परंतु तलाव आटत आहेत, माळराने नांगरली जात आहेत, आणि एके काळी मुंबईच्या आकाशात सर्रास दिसणारी गिधाडे आता फार थोडी उरली आहेत. गिधाडे घटली, हे लोकांच्या ध्यानी आले, कारण पूर्वी ती किती होती याच्या नोंदी कोणीतरी करून ठेवल्या होत्या. नोंदच नसेल, तर काय गेले याचा पत्ता तरी कसा लागावा?

ईहांच्या एका पुस्तकात पाच ज्ञानेंद्रियांना आत्म्याच्या खिडक्या म्हटले आहे. त्या खिडक्या त्यांनी खाराघोड्याच्या धुळीतही बंद केल्या नाहीत. मुलांनो, येत्या आश्विनात तुमच्या गावच्या ओढ्यावर पहिला धोबी दिसेल, तेव्हा तो दिवस वहीत लिहून ठेवा. शेजारच्या गावातील मित्राला विचारा, त्याच्याकडे तो कधी आला. दोन तारखा शेजारीशेजारी लिहिल्या, की ईहा आणि त्यांच्या सोबत्यांनी भायखळ्यास आरंभिलेले काम तुमच्या वहीत पुढे चालू झाले, असे समजा.