एक कोटीचे खत

दुसरे तुकोजीराव होळकर यांचे नाव निघाले की आमच्या सराफ्यात दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे की महाराज मोठे दूरदृष्टीचे, त्यांनी इंदूरला आगगाडी आणली. दुसरे असे की महाराज पक्के हिशेबी, राजा कमी आणि सावकार अधिक. मला लहानपणापासून आगगाडीचा नाद, आणि बिऱ्हाड पेढ्यांच्या या गल्लीत. त्यामुळे दोन्ही मते माझ्या चांगल्या परिचयाची आहेत. माझ्या समजुतीने ती परस्परविरोधी नाहीतच. महाराज सावकार होते म्हणूनच इंदूरला गाडी आली. ती कशी आली हे नीट पाहिले म्हणजे त्यांच्या आयुष्याचे मर्म ध्यानात येते.

तुकोजीरावांचा जन्म १८३५ सालचा. भाऊ होळकरांचे ते धाकटे चिरंजीव. १८४४ मध्ये खंडेराव महाराज निपुत्रिक वारले तेव्हा रेसिडेंट सर रॉबर्ट हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने अवघ्या नऊ वर्षांच्या या मुलाला गादीवर बसविण्यात आले. गादी वारसाहक्काने नव्हे, आपल्या मेहेरबानीने मिळाली आहे, अशी इंग्रजांची भूमिका होती. मुलाचे शिक्षण चांगले झाले. १८५२ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले.

पाच वर्षांतच कसोटीचा प्रसंग आला. १ जुलै १८५७ रोजी सादत खानाच्या पुढारीपणाखाली खुद्द होळकरी फौजेतील लोकांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. हॅमिल्टन त्या वेळी रजेवर होते. त्यांच्या जागी काम पाहणारे कर्नल ड्यूरँड सिहोरकडे निघून गेले. राजवाड्यात काही युरोपीय माणसे आश्रयाला आली होती. बंडवाल्यांनी ती मागितली. बावीस वर्षांचे महाराज ४ जुलैला घोड्यावर बसून स्वतः त्यांच्या छावणीत गेले आणि शरणागतांना स्वाधीन करण्याचे त्यांनी साफ नाकारले. तरीही ड्यूरँड यांच्या मनातील संशय गेला नाही, आणि तो सरकारदप्तरी चिकटून राहिला. बंड शमल्यावर शिंद्यांना मुलूख मिळाला, भोपाळला मिळाला. होळकरांच्या पदरी वाढीव मुलूख पडला नाही.

ज्या राजाला नवी जमीन मिळत नाही आणि ज्याने तलवार उपसायची नाही, त्याच्या हाती उरते काय? उरतो तो पैसा. पुढची जवळजवळ तीस वर्षे तुकोजीरावांनी खजिना भरला, कापडाची गिरणी काढली, व्यापाराला उत्तेजन दिले. इंदूर हे माळव्याच्या अफूचे आणि कापसाचे मोठे ठाणे. माल मुंबईला जायचा तो आग्रा-मुंबई रस्त्याने, बैलगाड्यांवर. वाटेत विंध्याचे घाट आणि नर्मदेचा उतार. पावसाळा लागला की सारेच अडून बसे. अशात १८७० च्या मार्चमध्ये मुंबई-जबलपूर लोहमार्ग सलग सुरू झाला आणि मुंबई-कलकत्ता जोडली गेली. त्या मार्गावरील खंडवा स्टेशन इंदूरपासून सुमारे ८६ मैल.

याच सुमारास तुकोजीरावांनी हिंदुस्थान सरकारला खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी एक कोटी रुपये कर्ज दिले. व्याज दरसाल दर शेकडा साडेचार, मुदत १०१ वर्षे. सराफ्यातल्या पोरालाही तोंडी करता येईल असा हिशेब : वर्षाला साडेचार लाख रुपये व्याज. ज्या सरकारने महाराजांना लहानपणी गादीवर बसविले आणि तरुणपणी संशयाच्या नजरेने पाहिले, ते सरकार आता त्यांचे ऋणको झाले. महाराजांच्या मनात हेच होते असे सांगणारा कागद मी पाहिलेला नाही. पण पेढीवर बसणाऱ्या माणसाला धनको आणि ऋणको यांच्या बसण्यातला फरक सांगावा लागत नाही.

मात्र खताला दुसरी बाजूही होती. रेल्वेच्या जमिनीवरचा अंमल इंग्रजांकडे गेला. रुळांच्या दुतर्फा असलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीत होळकरांचा कायदा आणि होळकरांचे पोलीस चालत ना. पैसा होळकरांचा, मुलूखही बराचसा होळकरांचा, आणि सत्ता मात्र परक्याची. रुळही मिळाले ते लहान. मुंबईकडचा मार्ग साडेपाच फुटी. पण १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या सरकारने काटकसरीसाठी नव्या सरकारी मार्गांना मीटरचे माप ठरविले. परिणामी इंदूरकडे येणारा प्रत्येक डाग खंडव्याला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. ही हमाली पुढे बराच काळ चालली.

काम मात्र पाहण्यासारखे झाले. डिसेंबर १८७४ मध्ये खंडवा ते सनावद गाडी सुरू झाली. १८७६ मध्ये मोरटक्क्याजवळ नर्मदेवर सुमारे दोनशे फुटांच्या चौदा गाळ्यांचा लोखंडी पूल उभा राहिला. पुढे चोरल नदीच्या खोऱ्यातून कालाकुंड आणि पाताळपाणीमार्गे मऊच्या पठारावर चढायचे. इथे चाळीस फुटांत एक फूट असा चढ, खोल दऱ्या आणि बोगदे. इंजिने विलायतेहून आलेली. १८७८ च्या सुमारास हा मार्ग पुरा होऊन इंदूर थेट खंडव्याशी जोडले गेले. पहिले इंजिन हत्तींनी ओढून शहरात आणले, ही कथा इंदुरात आजही रंगवून सांगतात. पुढे होळकर रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत सामील झाली. हिंदुस्थानात बांधले गेलेले पहिले आगगाडीचे इंजिन १८९५ मध्ये याच रेल्वेसाठी अजमेरच्या कारखान्यात तयार झाले, आणि ते आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. आगगाडीच्या नादिष्टाला त्या इंजिनाशी दूरचे नाते जोडण्याचा मोह आवरत नाही.

सराफ्याला या गाडीने काय दिले? हुंडी पाठवावी आणि मालाची महिनोन्‌महिने वाट पाहावी, हा जुना क्रम बदलला. कापूस वेळेवर मुंबईच्या बाजारी पोहोचू लागला. पुण्या-मुंबईकडून मराठी कुटुंबांचे येणे-जाणे सोपे झाले. लग्नसंबंध, नाटक मंडळ्या, पुस्तके यांनाही हीच वाट मिळाली. आपण इंदूरकर मराठी माणसे दक्षिणेशी बांधलेले राहिलो, त्यात त्या लहान रुळांचा वाटा मोठा आहे.

पण जमेची बाजू वाचून वही मिटणे हा सराफ्याचा रिवाज नव्हे. एक कोट रुपये आले कोठून? तुकोजीरावांच्या वेळी रयतेवर साऱ्याचा बोजा जड होता, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोडून काढावा असे मला वाटत नाही. खतावर सही महाराजांची असली तरी त्यातल्या रुपयांत निमाडच्या आणि माळव्याच्या शेतकऱ्याचा घाम होता. गाडीचे श्रेय महाराजांना द्यावे. मात्र मुद्दलाचा खरा धनी विसरू नये.

१७ जून १८८६ रोजी महेश्वर येथे महाराज निवर्तले. ज्या नर्मदेवर त्यांच्या पैशाचा पूल उभा होता, तिच्याच काठी, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. १९४८ मध्ये होळकर राज्य मध्य भारतात विलीन झाले. कर्जाची मुदत १८७० पासून मोजली तर १९७१ मध्ये संपते. आणि योगायोग असा की त्याच वर्षाअखेर घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यता दोन्ही संपुष्टात आली. खत लिहून देणारे साम्राज्य त्याआधीच गेले होते.

रूळ त्यांच्याहून अधिक टिकले. जानेवारी २०२३ अखेर मऊ ते ओंकारेश्वर रोड ही लहान रुळांची नेहमीची गाडी मोठ्या मार्गाच्या कामासाठी बंद झाली. नव्या मार्गासाठी चढ कमी असलेली वेगळी वाट आखली आहे. पाताळपाणी-कालाकुंडचा जुना घाट राखून ठेवला असून त्यावर २०१८ च्या अखेरीस वारसा गाडी सुरू झाली. सहलीला जाणारी मंडळी धबधबा पाहतात, कालाकुंडचा कलाकंद खातात. त्यांनी बोगद्यातून जाताना क्षणभर एवढे आठवावे, की हा डोंगर फोडण्याचे पैसे ज्याने दिले, त्याला त्या रुळांवर स्वतःचा एक शिपाईही उभा करता येत नव्हता. आणि तरीही त्याने ते दिले. सराफ्यात अशा व्यवहाराला तोट्याचा म्हणत नाहीत. लांब मुदतीचा म्हणतात.