सातव्या निजामाची संपत्ती

आपल्या केजच्या पणजोबांनी ज्यांच्या खजिन्यात शेतसारा भरला आणि ज्यांचा हाली रुपया कनवटीस लावला, त्या हैदराबादच्या सातव्या निजामाचे, मीर उस्मान अली खान यांचे, चरित्र आम्ही येथे देत आहोत. मनुष्यास संपत्तीची हाव का सुटते आणि ती संपत्ती टिकते किती, हे समजण्यास याहून बोलके चरित्र आम्हांस दिसत नाही.

त्यांचा जन्म 1886 साली झाला. पिता महबूब अली खान 1911 मध्ये निवर्तल्यावर ते गादीवर बसले. उमराव व अधिकारी दरबारात सोन्याच्या अशरफीचा नजराणा घेऊन येत. सर्फेखास नामक खाजगी मुलखाचे उत्पन्न थेट त्यांच्या पेटीत जाई. 1937 साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्यांस जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष ठरविले. पित्याच्या बुटात सापडलेला सुमारे 185 कॅरटचा जेकब हिरा ते कागद उडू नयेत म्हणून वर ठेवीत, असे सांगतात.

परंतु अंगावर पाहावे तो जुनी टोपी आणि विटलेली शेरवानी! काटकसर एवढी की, तिच्या कथा दूरवर पसरल्या. मग उपभोग नको असता हा संचय कशासाठी?

आमच्या मते याचे मूळ भयात आहे. वऱ्हाड परत मिळावा अशी मागणी त्यांनी केली, तेव्हा 1926 साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ती नाकारून निजाम इंग्रज सरकारच्या बरोबरीचे नाहीत, हे स्पष्ट बजाविले. राज्य आपले, पण ते परक्याच्या मर्जीवर. पेटीतील सोने तेवढे खरे आपले, असे अशा मनुष्यास वाटल्यास नवल नाही. आपल्या दुष्काळी भागातील शेतकरीही याच भयाने चार पुतळ्या गाठीस ठेवतो. भेद इतकाच की, दुष्काळ पडला म्हणजे त्या पुतळ्या मोडून तो मुलांच्या तोंडी घास घालतो. निजामाच्या ढिगास असा मोडण्याचा दिवस कधी उजाडलाच नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी त्यांची सत्ता संपली. त्या धामधुमीत सुमारे दहा लाख पौंड लंडनमधील पाकिस्तानी वकिलाच्या खात्यात गेले. ते परत मागूनही त्यांस हयातीत मिळाले नाहीत. तो वाद 2019 साली निकालात निघाला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती. 24 फेब्रुवारी 1967 रोजी ते वारले. 1995 साली भारत सरकारने त्यांच्या संग्रहातील 173 जवाहीर सुमारे 218 कोटी रुपयांस घेतले. जेकब हिरा त्यांतच आहे.

मग त्यांचे असे काय उरले? 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादच्या रक्षणार्थ बांधलेले उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव उरले, 1918 साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ उरले. तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या कामांस लागलेल्या पैशात मराठवाड्याचा घाम होता, आणि येथील मराठी मुलास मात्र उच्च शिक्षणासाठी उर्दूची वाट धरावी लागे.

वस्तूंची हाव जगातून नाहीशी होईल काय? मनुष्यास उद्याचे भय आहे, तोवर ती राहील असे आम्हांस वाटते, आणि त्या भयास हसण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु जे कुलपात राहिले ते दुसऱ्याचे झाले, व जे लोकांच्या कामी लागले त्यावरच त्यांचे नाव राहिले, हा या चरित्राचा हिशेब आहे. पालकांनी घरी दागिन्यांची पेटी उघडतील तेव्हा तो मुलांस सांगावा, आणि गाठीचे चार पैसे प्रथम कोणत्या कामास लावावयाचे, हेही त्याच वेळी ठरवावे.