टीपकागदातून उतरलेली कॉफी

मराठी घरांत चहा रोजचा आणि कॉफी पाहुणचाराची, असा भेद अनेक पिढ्यांनी पाळला. दूध आणि साखर घालून उकळलेली, वर जायफळाची पूड भुरभुरलेली कॉफी सणासुदीला किंवा परगावाहून आलेल्या पाहुण्यासाठी केली जाई. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले, वेण्णा नदीकाठचे मेढा गावही याला अपवाद नव्हे. तेथील धो धो पावसात हाताला ऊब मिळते ती चहाच्या पेल्याचीच. परंतु गेल्या काही वर्षांत कॉफी करण्याची एक निराळी रीत शहरांतून लहान गावांकडे येऊ लागली आहे. चिकमगळूर, कोडगू किंवा अराकू अशा एकाच प्रदेशातील, किंबहुना एकाच मळ्यातील भाजलेल्या बिया घरी आणायच्या, त्या ताज्या दळायच्या आणि कागदाच्या शंकूत ठेवून वरून गरम पाण्याची बारीक धार सोडायची. खाली थेंबाथेंबाने जमते ती स्वच्छ, गाळ नसलेली काळी कॉफी.

या रीतीतील सर्वांत साधी वस्तू म्हणजे तो कागद. वापरून झाला की टाकून दिला जाणारा हा कागद कोण्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात राहणाऱ्या एका गृहिणीने स्वतःच्या स्वयंपाकघरात तो प्रथम वापरला. तिचे नाव मेलिटा बेंट्झ.

मेलिटाचा जन्म ३१ जानेवारी १८७३ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. तिचे माहेरचे आडनाव लीबशर आणि पूर्ण नाव अमाली ऑगुस्टे मेलिटा. वडिलांचा व्यवसाय पुस्तकांचा, तर आजोबांच्या पिढीत घरची मद्यभट्टी होती. छापील कागद आणि गाळून, निथळून तयार होणारे पेय या दोन्ही गोष्टी तिच्या घराण्याच्या परिचयाच्या होत्या, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल. पुढे ह्यूगो बेंट्झ यांच्याशी तिचा विवाह झाला. विली आणि होर्स्ट हे दोन मुलगे व हेर्टा ही मुलगी असा संसार झाला. एका सामान्य मध्यमवर्गीय जर्मन स्त्रीचे जे आयुष्य त्या काळी असे, तेच मेलिटाच्याही वाट्याला आले होते.

त्या काळच्या जर्मन घरांत कॉफीचे प्रस्थ मोठे होते, पण ती करण्याची साधने मात्र सदोष होती. दळलेली पूड सरळ पाण्यात उकळली जाई आणि मग ती तळाशी बसण्याची वाट पाहावी लागे. तरीही पेल्यातील शेवटच्या घोटाबरोबर गाळ तोंडात येई तो येईच. काही भांड्यांत तेच पाणी पुन्हा पुन्हा पुडीतून फिरवले जाई व कॉफी कडवट होई. कापडी गाळणी वापरावी, तर तिच्यात जुन्या कॉफीचा वास मुरून बसे आणि ती धुण्याचे काम कटकटीचे होई. यातील मूळ दोष एकच होता. पूड आणि पाणी यांचा संबंध गरजेपेक्षा अधिक काळ राहिला की बियांतील सुवासिक द्रव्यांपाठोपाठ कडू द्रव्येही पाण्यात उतरतात. पाणी एकदाच पुडीतून जावे आणि गाळ मागे राहावा, एवढेच साधायचे होते.

मेलिटाने त्यासाठी घरातील हाताशी असलेल्या वस्तू घेतल्या. धातूच्या एका भांड्याच्या तळाला तिने खिळ्याने भोके पाडली. थोरला मुलगा विली याच्या शाळेच्या वहीतील टीपकागद काढून तो त्या भांड्यात अंथरला. शाई टिपून घेण्यासाठी केलेला हा कागद पाणी झिरपू देतो पण बारीक कण अडवतो, हे लक्षात घेऊन तिने त्यावर कॉफीची पूड घातली आणि वरून उकळते पाणी ओतले. खाली उतरलेली कॉफी गाळविरहित होती आणि तिचा कडवटपणाही कमी झाला होता. काम संपल्यावर कागद पुडीसकट टाकून दिला की झाले, घासण्याची दगदगही वाचली.

येथवरची गोष्ट कोणत्याही हुशार गृहिणीच्या बाबतीत घडू शकली असती. जगातील असंख्य स्वयंपाकघरांत अशा युक्त्या रोज सुचतात आणि त्या घरापुरत्याच राहतात. शेजारणीला सांगितल्या जातात, लेकीसुनांकडे जातात, पण त्यांवर कोणाचे नाव लागत नाही. मेलिटाचे वेगळेपण येथून पुढे सुरू होते. आपली युक्ती हा एक शोध आहे आणि त्यावर आपला हक्क आहे, हे तिने ओळखले. २० जून १९०८ रोजी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात तिच्या कॉफी-गाळणीची नोंद झाली. त्या वेळी जर्मनीत स्त्रियांना मतदानाचा अधिकार नव्हता. तो १९१८ मध्ये मिळाला. १९०० साली लागू झालेल्या नागरी कायद्याने वैवाहिक जीवनातील बाबींवर निर्णय घेण्याचा अधिकार पतीकडे दिला होता. अशा समाजात एका गृहिणीने स्वयंपाकघरातील कामाला शोधाचा दर्जा मिळवून द्यावा, ही गोष्ट लहान नव्हती.

१५ डिसेंबर १९०८ रोजी तिने स्वतःच्या नावाने व्यवसायाची नोंदणी केली. त्या वेळचे भांडवल होते अवघे ७३ फेनिग. शंभर फेनिगांचा एक मार्क होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुरता एक मार्कही गाठीशी नव्हता हे कळते. राहत्या घरातील एका खोलीत कारखाना सुरू झाला. पती ह्यूगो व दोन्ही मुलगे कामाला लागले आणि मुले हातगाडीवरून माल पोहोचवू लागली. गाळणी दिसायला इतकी साधी, की तिचा उपयोग प्रत्यक्ष दाखवल्याखेरीज गिऱ्हाइकाला पटत नसे. १९०९ च्या लाइपझिग येथील व्यापारी जत्रेत बाराशेहून अधिक गाळण्या विकल्या गेल्या आणि या घरगुती उद्योगाचे पाय रोवले गेले.

पाठोपाठ पहिले महायुद्ध आले. ह्यूगो यांना सैन्यात बोलावण्यात आले. धातू युद्धासाठी ताब्यात घेतला जाऊ लागला, कागदाची टंचाई झाली आणि ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे कॉफीच्या बियांची आवकही आटली. गाळणी, कागद आणि कॉफी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दुर्मिळ झाल्या. त्या दिवसांत पुठ्ठ्याची खोकी विकून मेलिटाने घर चालवले. युद्ध संपल्यावर मागणी पुन्हा वाढली. नकला करणारेही पुढे आले, म्हणून १९२५ मध्ये कागदाच्या पुड्यांना लाल-हिरव्या रंगांचे वेष्टन देण्यात आले. १९२८ पर्यंत ऐंशीच्या आसपास कामगार दोन पाळ्यांत काम करू लागले होते. ड्रेस्डेनमध्ये जागा अपुरी पडू लागल्याने १९२९ मध्ये कारखाना मिंडेन या गावी हलवण्यात आला. कंपनीचे मुख्यालय आजही तेथेच आहे.

१९३२ मध्ये मेलिटाने कंपनीतील मोठा हिस्सा विली व होर्स्ट यांच्या नावे केला. मात्र कामगारांच्या हिताकडे तिचे लक्ष राहिले. त्यांना नाताळचा बोनस मिळू लागला, वर्षाची रजा सहा दिवसांवरून पंधरा दिवसांवर गेली आणि आठवड्याचे कामाचे दिवस पाच झाले. एका खोलीत, घरच्या माणसांच्या हातांनी सुरू झालेल्या धंद्याच्या मालकिणीला श्रमाचे मोल माहीत होते, असे यावरून दिसते. सुरुवातीच्या गोल भांड्याऐवजी आज परिचित असलेला निमुळता आकार आणि त्यात बसणारी कागदाची पिशवी १९३० च्या दशकात आली.

याच दशकात जर्मनीवर नाझी राजवट आली आणि या कथेतील काळे पान सुरू झाले. मुलांच्या हाती गेलेली कंपनी त्या राजवटीशी जवळीक साधून होती. होर्स्ट बेंट्झ नाझी पक्षात सामील झाले होते. दुसऱ्या महायुद्धात गाळण्यांचे उत्पादन थांबले, कारखान्यात युद्धोपयोगी माल तयार होऊ लागला आणि सक्तीने आणलेल्या कामगारांना राबवून घेण्यात आले. ज्या कंपनीने कामगारांना रजा आणि सुट्टी दिली, तिच्याच आवारात काही वर्षांतच माणसे बळजबरीने कामाला लावली गेली, हा विरोधाभास कोणत्याही चरित्रात झाकून ठेवता येणार नाही. मेलिटाने त्या वेळी सूत्रे मुलांकडे सोपवली होती, हे खरे. पण कंपनीवर नाव तिचेच होते, हेही तितकेच खरे.

युद्धानंतर मिंडेनचा भाग ब्रिटिश फौजांच्या ताब्यात गेला व कारखान्याच्या इमारती प्रशासनाने वापरायला घेतल्या. ह्यूगो यांचे १९४६ मध्ये निधन झाले. १९४८ मध्ये गाळण्या आणि कागद यांचे उत्पादन पुन्हा सुरू झालेले मेलिटाला पाहता आले. २९ जून १९५० रोजी मिंडेनजवळील होल्झहाउझेन येथे वयाच्या ७७ व्या वर्षी तिने जगाचा निरोप घेतला.

तिच्या कल्पनेचा प्रवास मात्र थांबला नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेले जर्मन रसायनतज्ज्ञ पेटर श्लुमबोम यांनी काचेचे केमेक्स हे भांडे तयार केले, तेही कागदाच्या गाळणीवरच चालते. पुढे जपानी कारागिरांनी आतून वळणदार कंगोरे असलेले शंकू घडवले. कागदाचा आणखी एक गुण उशिरा लक्षात आला. कॉफीच्या बियांतील काही तेलकट द्रव्ये रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. उकळलेल्या कॉफीत ती उतरतात, तर कागद त्यांतील बहुतांश अडवून धरतो.

एकाच मळ्याच्या बियांचे कौतुक करणाऱ्यांना हा कागद जवळचा वाटतो, त्याचेही कारण आहे. दूध, साखर, जायफळ किंवा चिकोरी मिसळली की बिया कोठल्या हा प्रश्न उरत नाही. दक्षिणेकडील पितळी फिल्टरमधला दाट अर्क मुळात दुधासाठीच असतो. गाळ आणि तेल मागे राहिलेल्या पातळ काळ्या कॉफीत मात्र बाबा बुडण डोंगराच्या उतारावरील आणि अराकूच्या खोऱ्यातील बियांच्या चवीतला फरक जिभेला कळतो.

घरी हा प्रयोग करायचा तर फारसे काही लागत नाही. अडीचशे मिलिलिटर पाण्याला पंधरा-सोळा ग्रॅम बिया पुरतात. त्या रव्याइतक्या जाडसर दळाव्यात. कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे कागदाची चव उतरत नाही. प्रथम पूड भिजेल इतकेच पाणी घालून अर्धा मिनिट थांबावे, त्यात ताज्या बियांतील वायू बुडबुडे होऊन निघून जातो. मग उरलेले पाणी गोलाकार, सावकाश सोडावे. तीन-साडेतीन मिनिटांत सारे पाणी खाली उतरायला हवे. फार वेळ लागला तर दळण अधिक जाड करावे, लवकर उतरले तर बारीक. पाण्याची उष्णता ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावी. सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तेथे ते लगेच ओतले तरी चालते. खाली वेण्णेच्या खोऱ्यातील मेढ्यात ते त्याहून थोडे अधिक तापते, म्हणून भांडे उतरवल्यावर अर्धा-एक मिनिट थांबणे बरे.

कॉफी उतरली की ओला कागद पुडीसकट उचलून झाडाच्या बुंध्याशी किंवा खताच्या खड्ड्यात टाकता येतो. घासायला उरते ते फक्त वरचे शंकूचे भांडे. १९०८ साली ड्रेस्डेनमधील एका गृहिणीला हवे होते, तेही एवढेच.